नऊ बारचे भावोजी

भावोजींनी अजून मशीन घेतलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत 'घेतलं का, घेतलं का' करत बसायचा. आम्ही बसलो आहोत. दोन वर्षं सात महिने झाले.

तरीही हूटगळ्ळीच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीतल्या आमच्या गल्लीत आज चार घरांत तऱ्हेतऱ्हेने दाबून कॉफी काढली जाते, आणि चारही घरं भावोजींनीच नादाला लावलेली. स्वतःच्या ओट्यावर मात्र त्यांनी मशीनची जागा खडूने आखून ठेवली आहे. ३० सेंटिमीटर बाय ३५. वहिनी त्या चौकोनात कोथिंबीर निवडतात.

हूटगळ्ळी म्हणजे म्हैसूरचं कारखान्यांचं अंग. ग्रामपंचायत जाऊन नगरसभा आली तरी सकाळी जाग येते ती शिफ्टच्या बसच्या हॉर्ननेच. पुण्याच्या कल्याणी समूहाची भागीदारी असलेली, १९८१ साली स्थापन झालेली अ‍ॅक्सलची कंपनी इथलीच. अशा कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या धाग्याने आलेली मराठी घरं इथे विखुरलेली असतात. भाजीवाल्याला मोडक्या कन्नडात 'एष्टु?' विचारणारी बाई उत्तर ऐकून 'अगं बाई, चाळीस?' म्हणाली की ओळख झालीच. वहिनी मला तशाच भेटल्या. वहिनींच्या मागे दोन पिशव्या घेऊन एक गृहस्थ उभे होते आणि कोबीचा गड्डा कानाशी धरून दाबून बघत होते. ते भावोजी.

मूळचे मिरजेचे. इथे एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. मी दुसऱ्या कारखान्यात परचेसला. हे सांगायचं कारण, या दोन खात्यांचं जन्मात पटत नाही. मी तीन कोटेशनं मागवते, त्यातलं स्वस्त आणि चालण्यासारखं धरते आणि वेळेवर डबा खाते. क्वालिटीवाला माल दारात आला की त्यात खोट शोधतो. भावोजींची अडचण अशी की घरच्या खरेदीत दोन्ही खाती त्यांच्याकडेच. माल यायच्या आधीच रिजेक्ट होतो. मुलगी दहावीला गेली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्टडी टेबल बघायला सुरुवात केली. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते. टेबलाचं अजून लाकडावर अडलंय.

एस्प्रेसोचं खूळ त्या मुलीनेच घरात आणलं. बंगळुरूला तिने बापाला एका कॅफेत नेलं आणि अंगठ्याएवढ्या कपात दोन घोट काळं काहीतरी पाजलं. बिल दोनशेच्या वर. भावोजींनी टिश्यूवर हिशेब मांडला: ६,००० रुपयांचं मशीन तीस कपांत फिटतं. घरी येऊन त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'एंट्री लेव्हल. बजेट ६,०००.'

"एंट्री लेव्हल म्हणजे काय हो?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे सुरुवातीचं. दारातलं."

"मग बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "दारातच उभे राहाल."

सहा हजारात खरंच मशीन मिळतं. बंद टाकीत पाणी उकळायचं, कोंडलेल्या वाफेच्या जोराने ते पुडीतून ढकलायचं. भावोजींनी ते आठवडाभर अभ्यासलं आणि बाद केलं, कारण पंप नाही, जोर तोकडा आणि उकळत्या पाण्याने कॉफी करपते. एस्प्रेसोला पाणी लागतं ९० ते ९६ अंशांचं आणि दाब ९ बारचा, म्हणजे आपल्या डोक्यावर हवेचा जो भार असतो त्याच्या साधारण नऊपट. मग पंपवाली, नऊ-दहा हजारांची. त्यांच्या खोक्यांवर मोठ्या आकड्यात छापलेलं असतं, '१५ बार'. काहींवर २०.

त्या सुमारास भावोजी आमच्या हॉलमध्ये नवऱ्याशी बोलत होते. सासूबाई आत शेंगा सोलत बसल्या होत्या. "पंधरा बारवर विश्वास ठेवू नका," भावोजी म्हणत होते, "मला नऊच पुरतात." सासूबाईंनी मला आत बोलावून घेतलं. "सज्जन वाटला होता गं," त्या म्हणाल्या. "आणि पंधरा बार आहेत तरी का हूटगळ्ळीत?"

तेव्हापासून ते आमच्या घरात नऊ बारचे भावोजी.

पण त्यांचं म्हणणं खरं होतं. पंधरा हा आकडा पंपाचा, कपातल्या कॉफीचा नव्हे. तोटी पूर्ण बंद केली तर पंप जास्तीत जास्त किती रेटू शकेल, एवढंच तो सांगतो. बऱ्या मशीनमध्ये जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह असतो, तो नवाच्या आसपास लावलेला. म्हणजे मोठ्या आकड्याला भुलून पैसे मोजणारा माणूस फुसक्या बारासाठीच मोजतो. मी परचेसवाली असून मला हे ठाऊक नव्हतं. सवय अशी की दोन कोटेशनांत एकात आकडा मोठा दिसला की डोळा तिकडेच जातो.

वहीत पुढे बजेट वाढत गेलं, पण एकदम नव्हे. "आणखी दोन हजार घातले की..." हे भावोजींचं पालुपद. आणखी दोन हजार घातले की वाफेची दांडी बरी मिळते. आणखी पाच घातले की तापमान ढळत नाही. दहा हजारांच्या मशीनची कॉफी भरायची वाटी ५१ मिलिमीटरची, कॅफेवाल्यांची ५८ची, मग पुढे सुटं सामान कुठून आणणार? असं करत वही गॅजिया क्लासिकला जाऊन टेकली. भावोजी तिला इटालियन पद्धतीने 'गाज्जा' म्हणतात, आणि म्हणताना आवाज खाली आणतात, देवाचं नाव घेतल्यासारखा. १९९१ पासून चालत आलेलं घरगुती मॉडेल, ५८ची वाटी, भक्कम अंग, आणि किंमत वहीतल्या पहिल्या पानाच्या आठपट-नऊपट. माझ्या खात्यात असं एस्टिमेट फुगलं असतं तर ऑडिट लागलं असतं.

आणि हे नुसतं मशीन. दळणयंत्र वेगळं.

इथे भावोजी खुर्चीत पुढे सरकतात. कॉफी चांगली होते ती ग्राइंडरने, मशीनने नव्हे, हा त्यांचा सिद्धांत आणि तो सोळा आणे खरा. मिक्सरचं पातं बी फोडतं: थोडी भुकटी, थोडी चुरी. पाणी चुरीतून पळून जातं आणि भुकटीत अडतं. हवं असतं जातं, दोन दात्यांमधलं अंतर सुतासुताने कमी-जास्त करता येणारं. स्वस्त मशीनवाल्या कंपन्यांना ठाऊक असतं की गिऱ्हाइकाकडे जातं नाही. म्हणून त्या दुहेरी तळाची वाटी देतात, बाहेरच्या तळाला एकच बारीक भोक. त्यातून काहीही दाबलं तरी फेस येतो. "साबणाचं पाणी घाला, फेस येईल," भावोजी म्हणतात. "हा फेस नव्हे, ही फसवणूक." एकेरी वाटी सुटी मिळते, ती घ्यायची, आणि मग दळण जमवायचं.

गणपतीत आरतीनंतर कुणीतरी सहज विचारलं, "काय, कुठवर आलं मशीन?" भावोजींनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि पूर्वरंग सुरू केला. तूरिनचा मोरिओन्दो, १८८४, वाफेवर कॉफी करणारं पहिलं यंत्र. मिलानचा बेझ्झेरा, १९०१, एकेका कपाची कॉफी. उत्तररंगात मिलानचाच कॉफीबारवाला आखिले गाज्जा, १९३८चं पेटंट, आणि युद्ध संपल्यावर आलेलं दांड्याचं मशीन: वाफ बाजूला, माणसाचा हात आणि स्प्रिंगचा जोर, आणि कपावर पहिल्यांदाच तो सोनेरी साय धरल्यासारखा फेस. मग १९६१, फाएमा कंपनीचं ई-६१, दांडा जाऊन विजेचा पंप आला. "त्यातला ई म्हणजे इटालियनमध्ये ग्रहण. त्या वर्षी तिकडे खग्रास सूर्यग्रहण होतं."

"ग्रहणातलं मशीन?" सासूबाई म्हणाल्या. "मग नका हो घेऊ."

खग्राससुद्धा काही मिनिटांत सुटतं.

आता गंमत बघा. स्वतःसाठी दोन वर्षं सात महिने. दुसऱ्यासाठी दहा मिनिटं. समोरचे निवृत्त बँक मॅनेजर एका संध्याकाळी गेटशी उभे राहून म्हणाले, "सार्, नमगू ओंदु हेळी," आम्हालाही एक सांगा. भावोजींनी दोनच प्रश्न विचारले: दिवसाला किती कप, आणि घाई असते का? दोन कप, घाई कसली? तर मग हाताने दाबायचं, वीज न लागणारं दांड्याचं मशीन घ्या. मॅनेजर आता रोज सकाळी व्हरांड्यात उभे राहून दांडा दाबतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "करंट होद्रू परवागिल्ला," वीज गेली तरी हरकत नाही.

कोल्हापूरच्या सॉफ्टवेअरवाल्या जोडप्याला त्यांनी मशीन घेऊच दिलं नाही. भाड्याचं घर, वर्षभरात बदली, सकाळी दोघांची पळापळ. "मोका पॉट घ्या. ब्यालेत्तीने १९३३ साली काढलं, आजही तसंच आहे. ही एस्प्रेसो नव्हे, दाब एक-दीड बारचा. पण गॅसवर पाच मिनिटांत कडक होते आणि बदली झाली की पिशवीत जाते." कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या ओट्यावर वीतभरसुद्धा जागा नव्हती. त्यांना डेलॉन्गीची डेडिका, रुंदी जेमतेम १५ सेंटिमीटर. विषय संपला.

आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी आधी आमचे कप बघितले. मोठे, कानाचे, चहाचे. "वहिनी, दूध किती घालता?" मी खरं ते सांगितलं. "मग दहा हजारांच्या वर जाऊ नका. एवढ्या दुधात पन्नास हजारांचं मशीन बुडून मरेल. वाचलेल्या पैशात हाताचं बरं ग्राइंडर घ्या. आणि सोळा अँपिअरचा सॉकेट ओट्यापाशी आहे का ते बघा, लोक मशीन आणतात आणि मग एक्स्टेन्शन शोधतात." इतका सरळ सल्ला मला कुठल्या व्हेंडरने दिलेला नाही. पुढच्या आठवड्यात मशीन आलं. इन्स्पेक्शनला अर्थात भावोजी.

त्या रविवारचं सांगते. खिशातून त्यांनी छोटा वजनकाटा काढला, सोनाराकडे असतो तसला. सोळा ग्रॅम बी मोजलं. ग्राइंडर माझ्या नवऱ्याने फिरवलं, कारण भावोजींचा खांदा दुखतो. पूड वाटीत, बोटाने सपाट, वरून दट्ट्या. बटण दाबलं आणि भावोजींनी मोबाइलवर सेकंद लावले. नऊ सेकंदांत कप भरला, पिवळट, पाणचट. "जाड दळलंय. आंबट लागणार." प्यायलो. आंबट. जातं चार खाचा आवळलं. या वेळी पंप घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरला, तोटीशी एक काळा थेंब आला आणि तिथेच लोंबत राहिला. चाळीस सेकंदांनी दुसरा. "पिठी झाली," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी ग्राइंडरमधली पूड दोन बोटांत चोळून बघितली होती. "पुरणाच्या कणकेला ठीक आहे." जातं दोन खाचा सैल केलं. तिसऱ्यांदा पाच-सहा सेकंद काहीच झालं नाही, मग काकवीची धार लागावी तशी जाड, तांबूस धार खाली उतरली, हळूहळू फिकट होत गेली. अठ्ठावीस सेकंद, बत्तीस ग्रॅम. स्वयंपाकघरात कुणी बोलेना. भावोजींनी डोळे मिटून एक घोट घेतला. खरंच छान होती हो. कडू होती, पण जिभेच्या कडेला गूळ ठेवल्यासारखी.

माझ्या नवऱ्याने उरलेल्यात दूध ओतलं आणि दोन चमचे साखर. भावोजी काही बोलले नाहीत. नुसते वजनकाटा पुसत राहिले.

बी आणायलाही तेच घेऊन गेले. देवराज मार्केटच्या बाजूला कॉफी पुडीचं दुकान शोधावं लागत नाही, नाक नेतं. काउंटरवरचा म्हातारा न बघताच विचारतो, "चिकोरी एष्टु?" भावोजी म्हणाले, "बेडा," नको. म्हाताऱ्याने मान वर केली. "फिल्टरगे?" फिल्टरला का? तेही नाही. दळायचीच नाही, नुसतं भाजलेलं बी द्या, आणि कधी भाजलं ते सांगा. म्हाताऱ्याने भावोजींकडे असं बघितलं, जसा एखादा भटजी मुहूर्ताऐवजी पंचांग छापल्याची तारीख विचारणाऱ्याकडे बघेल. शेवटी निम्मं प्लांटेशन ए, निम्मं पीबेरी असं अर्धा किलो घेतलं.

परतीच्या वाटेवर गाडीत दुसरं आख्यान. बाबा बुडनांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून आणल्या, त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं आणि पुढे कित्येक वर्षं मळेवाल्याला आपला माल बोर्डाच्या साठ्यात घालावा लागे. १९९६ पासून सगळी विक्री मोकळी झाली. म्हणून आता एकेका मळ्याचं नाव छापलेली, भाजल्याची तारीख घातलेली पाकिटं मिळतात. "वहिनी, जगभर लोक मशीनवर लाखभर घालतात आणि शिळं बी आणतात. आपल्या उशाशी हुणसूर रस्ता आहे. अडीच-तीन तासांत मडिकेरी. आपण भाग्यवान."

"मग घ्या की मशीन," मी म्हटलं.

"पाण्याचं ठरू दे," ते म्हणाले.

पाण्याचं खातं तेव्हा नुकतंच उघडलं होतं. आमच्या कॉलनीत बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो. तोच मशीनच्या नळीत बसणार. फिल्टरचं अगदी निचळ पाणी घ्यावं तर कॉफी बेचव लागते. म्हणून दोन्ही मिसळायचं, पण कुठल्या प्रमाणात? वहीत पाण्याची अठरा पानं आहेत. त्या थरावर लिंबाचं फूल घालतात, त्याची तीन.

एकदाच मी त्यांना निरुत्तर झालेलं बघितलं. डॉक्टरीणबाईंना दिलेल्या सल्ल्याची मी तारीफ करत होते. वहिनी स्टीलच्या फिल्टरमध्ये पुडीवर चकती ठेवून गरम पाणी ओतत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "यांना विचार, ते सगळ्यांना विचारतात ते स्वतःला विचारलंय का? तुम्ही कशी पिता हो कॉफी?"

भावोजींनी वही मिटली. भावोजी कॉफी पितात ती वहिनींच्या हातची, फिल्टरची, वीस टक्के चिकोरी, नंदिनीचं दूध, दीड चमचा साखर, आणि दवऱ्यातून टंब्लरमध्ये वरून खाली करताना फेस आला नाही तर परत करायला लावतात. सकाळी एक, साडेचारला एक.

"तो वेगळा विषय आहे," ते म्हणाले.

गेल्या दसऱ्याला मात्र वेळ आली होती. 'गाज्जा'वर सूट लागली. पाण्याचं प्रमाण ठरलं होतं, सॉकेट बसवून घेतला होता, मुलीने निम्मे पैसे घालते म्हणून सांगितलं होतं. सूट खंडेनवमीच्या रात्री बारापर्यंत.

खंडेनवमी म्हणजे इथली आयुधपूजा, आणि हूटगळ्ळीत ती बघावी. आख्खं औद्योगिक वसाहतीचं गाव न्हाऊन निघतं. लेथ धुतलेले, प्रेसला झेंडूच्या माळा, फोर्कलिफ्टला केळीचे खांब, आणि गेटागेटापुढे फुटलेला कोहळा, आत कुंकू भरलेला, रस्त्यावरून जपून चालावं असा. घरीही तेच. आमच्या मशीनला सासूबाईंनी पाच बोटं ओढली, वाफेच्या दांडीला फूल बांधलं, ग्राइंडरवर अक्षता टाकल्या. मॅनेजरांच्या दांड्याला विभूती. पूजेला लावलेली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही, विश्रांती द्यायची, हे इथेही पाळतात आणि आपल्याकडेही. त्यामुळे चारही घरं त्या दिवशी चहावर.

भावोजींकडे गेलो तर पाटावर वजनकाटा, त्याच्याशेजारी ती वही. वहिनींनी बरोब्बर मुखपृष्ठावर हळदकुंकू वाहिलं होतं आणि वर झेंडू.

"अहो, हिची कशाला पूजा?" भावोजी म्हणाले.

"तुमचं हत्यार तेच ना?" वहिनी म्हणाल्या.

मॉडेलचा नंबर, मुलीने पाठवलेलं कूपन, पाण्याचं प्रमाण, कुठल्या विक्रेत्याची वॉरंटी इथे म्हैसुरात चालते, सगळं त्या वहीत. भावोजींनी दुपारी दोनदा पाटाला प्रदक्षिणा घातली. साडेचारची कॉफी घेतली. सहाला आमच्याकडे आले, आमच्या मशीनकडे बघून परत गेले. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे त्यांच्या व्हरांड्यात बसलो होतो. घड्याळात पावणेअकरा. लांब कुठेतरी कोहळा फुटल्याचा आवाज आला.

"काय गं," भावोजींनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुंकू पुठ्ठ्याला लावलंय. आतलं एखादं पान नुसतं बघितलं तर चालतं का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या. सोनं वाटून झालं की."

भावोजींनी मान हलवली आणि खुर्चीत मागे रेलले. इतके निवांत मी त्यांना दोन वर्षांत बघितले नव्हते.